आधी बळ, मग सेवा?
(द्वितीय वर्ष, कला)

"आधी स्वतःच्या पायावर उभा राहा, मग लोकांची सेवा कर," असे माझे वडील मला नेहमी सांगत. गवंड्याच्या हाताखाली बिगारी काम करून ज्यांनी मुलाला कॉलेजात घातले, त्यांचे म्हणणे खोटे कसे म्हणावे? आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. तरीही या लेखात मी वडिलांशी नम्रपणे मतभेद नोंदवणार आहे. माझे मत असे की, बळ साठवून मग सेवेला निघायचे म्हटले तर माणूस कधीच निघत नाही. देव ते बळ सेवा करतानाच देतो.

हे मत मी पुस्तकातून उचललेले नाही. गेल्या वर्षी वडील परांचीवरून पडले आणि त्यांचा पाय मोडला. चार महिने ते अंथरुणाला खिळून होते. आई दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जाई. पहिल्या सत्रात माझा इंग्रजीचा विषय राहिला. कॉलेज सोडून कामाला लागावे, असे रोज वाटे. आम्ही ख्रिस्ती. दररोज रात्री मी 'प्रभो, मला शक्ती दे' अशी प्रार्थना करी आणि सकाळी होतो तसाच उठे. एक गोष्ट लिहायला लाज वाटते, पण लिहितो. वडिलांना आंघोळ घालायची वेळ आली की मी काही तरी निमित्त काढून बाहेर पडत असे. ज्यांना डोक्यावर विटा वाहताना पाहिले, त्यांना असे परावलंबी झालेले पाहणे मला सोसत नव्हते.

अशातच आमच्या चर्चच्या तरुण संघाने कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या वृद्धांच्या एका आश्रमात दर रविवारी सेवेला जायचे ठरवले. नाही म्हणण्याचे धैर्य नव्हते, म्हणून मी गेलो. तेथील लोकांचा रोग औषधांनी केव्हाच गेला होता. त्यांच्यापासून कोणाला संसर्ग होण्याचे भय नव्हते. पण बधिर झालेले हातपाय तसेच राहिले होते. आमचे काम साधे होते. त्यांचे पाय पाण्यात भिजवायचे, टाचेची जाड कातडी हलकेच घासायची, कोठे जखम किंवा काटा आहे का ते पाहायचे आणि मग तेल लावायचे. पहिल्याच दिवशी जखमेच्या वासाने मला मळमळले. मी नळामागे जाऊन उभा राहिलो.

परत आलो तेव्हा एक आजी माझी वाट पाहत बसल्या होत्या. थंडीचे दिवस असल्याने पाणी थोडे तापवलेले होते. त्या म्हणाल्या, "बाळा, पाण्यात आधी तुझा हात घाल. कढत असलं तर मला कळायचं नाही." मी हात घालून पाहिला आणि म्हणालो, "बरोबर आहे, आजी." त्यांनी लगेच दोन्ही पाय पाण्यात सोडले. दहा मिनिटांपूर्वी त्यांच्यापासून पळालेल्या मुलावर त्यांनी एवढा विश्वास टाकला! मळमळ कधी थांबली, हे मला कळलेही नाही.

वेलूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ साली आलेले डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर मोठे काम केले. या रोगात बोटे आपोआप झडतात, ही जुनी समजूत त्यांनी खोडून काढली. वेदना कळत नाही, म्हणून भाजले किंवा खिळा रुतला तरी माणूस तसाच वावरतो आणि त्या जखमांनी अवयव जातो, हे त्यांनी दाखवले. वेदनेला ते देणगी मानत. मनाचेही असेच नसेल का? मी माझ्याच दुःखात इतका बुडालो होतो की वडिलांचे दुःख मला जाणवेनासे झाले होते.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण पंडिता रमाबाईंचे. आई, वडील व बहीण त्यांनी दुष्काळाच्या दिवसांत गमावली. पुढे वैधव्य आले. १८९६-९७ च्या दुष्काळात याच रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यातून उभे राहिले. स्वतःचे दुःख पुरते निवारल्यावरच त्या निघाल्या असत्या, तर त्या मुलींचे काय झाले असते?

काही मित्र म्हणतात, "तुमची सेवा म्हणजे गळाला लावलेले आमिष." जी सेवा नाव, मते किंवा धर्म बदलण्यासाठी केली जाते, ती आमिषच, हे मला मान्य आहे. प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले, ते त्यांच्याकडून काही मिळवण्यासाठी नव्हे. त्या आजींच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. ती काढा, असे त्यांना कोणी म्हटलेले नाही. उलट माझ्या वडिलांची हकीकत ऐकून त्यांनीच पांडुरंगाला हात जोडले. बोटे आखडलेली, त्यामुळे हात नीट जुळतही नव्हते. त्या प्रार्थनेने मला बळ मिळाले. माझ्याच देवाने ते त्यांच्या हातून दिले, अशी माझी श्रद्धा आहे. कोणाला हे पटणार नाही. पण मला जे आले ते मी लिहिले.

दुसरा आक्षेप आम्हा विद्यार्थ्यांवरच घ्यावा लागेल. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास काम करायचे असते. ते भरले, फोटो निघाला, प्रमाणपत्र मिळाले की सेवा संपली, असे आपल्यापैकी किती जण मानतात? ज्या माणसाचे नावही आपण विचारले नाही, त्याची सेवा केली असे कसे म्हणायचे?

त्या रविवारी संध्याकाळी मी प्रथमच वडिलांना आंघोळ घातली. पाण्यात आधी माझा हात घातला. ते काही बोलले नाहीत, मीही बोललो नाही. चमत्कार वगैरे काही झाला नाही. वडील आज लंगडत का होईना, कामावर जातात. इंग्रजीचा पेपर मी पुन्हा दिला आहे, निकाल लागायचा आहे. पण कॉलेज सोडण्याचा विचार मात्र आता मनात येत नाही.

मित्रहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी माझ्यासारखीच ओढाताण आहे, हे मी जाणतो. 'आधी माझे निभू दे,' असे म्हणत बसलेल्यांना माझी एवढीच विनंती आहे की, एखाद्या रविवारी रिकाम्या हाताने, घाबरत घाबरत का होईना, पण जाऊन पाहा.