वाचून दाखवू या!

दोन-तीन वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन चित्रांचं पुस्तक उघडलं, की आपण मजकूर वाचतो आणि मूल चित्र वाचतं. गोष्टीत जिचा उल्लेखही नाही, ती पलंगाखालची मांजर त्यालाच आधी दिसते. ‘ती तिथे काय करतेय?’ या प्रश्नापाशी वाचन थांबतं आणि गप्पा सुरू होतात. भाषा रुजते ती या गप्पांमध्ये, असं आम्हाला मनापासून वाटतं. म्हणूनच हा अंक लहान मुलांना मोठ्याने वाचून दाखवण्याविषयी आहे.

आजी-आजोबा गावी, आई-बाबा कामावर आणि जेवताना समोर मोबाइल, अशी आज अनेक घरांची स्थिती आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची असेल, तर मराठी कानावर पडायची हक्काची जागा म्हणजे घरच. पुस्तकांची उणीव मात्र पूर्वीइतकी नाही. माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ आहे, नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका आहे. प्रथम बुक्सने २०१५मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर तर मराठी चित्रगोष्टी विनामूल्य वाचता येतात.

या अंकात पुस्तकांच्या याद्यांपेक्षा वाचण्याच्या रीतीवर भर आहे. पान कधी उलटावं, कुठे थांबावं, तीच गोष्ट दहाव्यांदा मागितली तर काय करावं, याविषयी अंगणवाडीताई, ग्रंथपाल आणि पालकांनी अनुभवातून लिहिलं आहे. तुमच्या घरी कोण वाचून दाखवतं, कोणतं पुस्तक पुन्हापुन्हा मागितलं जातं, हे आम्हाला जरूर कळवा. निवडक पत्रं पुढच्या अंकात छापू.