रुंदीकरण नको, झाडे राहू द्या



डहाणू-तलासरीत सायकलस्वारांसाठी रस्तेच नाहीत, तेव्हा आतले रस्ते रुंद करा, ही मागील पत्रातील सूचना मला मुळीच पटली नाही. राष्ट्रीय महामार्ग ४८ वर सायकल घालू नये, हे त्या पत्रलेखकाचे म्हणणे खरे. पण कासा सोडून सायवनमार्गे उधव्याकडे वळा. साग, मोह, वारली पाडे, दमवणारे चढ आणि सकाळी क्वचितच एखादे वाहन! रस्ता अरुंद आहे म्हणूनच ही शांतता टिकली आहे. रुंदीकरणात झाडे तोडली जातील, आणि डहाणू तालुका तर १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित आहे. शिवाय याच रस्त्याच्या कडेने मुले शाळेत चालत जातात; रस्ता रुंद झाला तर वाहनांचा वेग वाढेल. बांधकाम खात्याने खड्डे बुजवावेत. झाडांना हात लावू नये.

– एक सायकलस्वार, डहाणू