फवारणार कोण?

सोयाबीन गुडघ्याला लागलं, कपाशीला पात्या धरू लागल्या, की परभणी, मानवत, सेलू, जिंतूर, गंगाखेडच्या कृषी सेवा केंद्रांपुढे सकाळपासून माणसं उभी असतात. कुणाच्या हातात खोडमाशीने वाळलेला शेंडा, कुणाच्या मोबाइलमध्ये तुडतुड्यांचा फोटो. पुढचे दोन-तीन महिने आपल्या धंद्याचे. मालाची आवक, उधारीची वही आणि कंपन्यांच्या योजना यांत ते कधी सरतात ते कळतही नाही. म्हणून हंगाम भरात येण्याआधीच एक जुना विषय काढतो: बाटलीवरचा रंगीत त्रिकोण, आणि त्याचा अर्थ कुणापर्यंत पोचतो.

कीटकनाशक नियम, १९७१ मधल्या १९व्या नियमाने लेबलावर ४५ अंशांत उभा केलेला चौकोन सक्तीचा केला. त्याचे दोन त्रिकोण. वरच्यात चिन्ह आणि इशारा, खालच्यात रंग. लेबलाच्या दर्शनी भागाचा किमान सोळावा हिस्सा त्याने व्यापला पाहिजे. लाल, पिवळा, निळा, हिरवा ही उतरंड दुकानातलं नवं पोरगंही घडाघडा म्हणून दाखवतं. रंगामागचे आकडे मात्र आपल्यातल्या फारच थोड्यांना आठवतात. प्रयोगातले निम्मे प्राणी दगावतील अशी तोंडावाटेची मात्रा दर किलो वजनाला १ ते ५० मिलिग्रॅम असेल तर लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा आणि त्यापुढे हिरवा. कातडीवाटे हीच मर्यादा लालसाठी २००, पिवळ्यासाठी २००० आणि निळ्यासाठी २०,००० पर्यंत जाते.

आकडे शेजारी शेजारी मांडले की रंगाचा तोकडेपणा दिसतो. ५५ चं औषधही पिवळं आणि ४९० चंही पिवळंच. विषारीपणात जवळजवळ नऊपट फरक, पण गिऱ्हाइकाच्या डोळ्याला दोन्ही सारखीच. शिवाय हे मोजमाप एका वेळी पोटात किंवा अंगावर गेलेल्या मात्रेचं आहे. सलग आठ दिवस सकाळ-संध्याकाळ फवारणाऱ्याच्या अंगात काय साचतं, ते रंग सांगत नाही. एका पंपात दोन कीटकनाशकं, एक बुरशीनाशक आणि वर एखादं टॉनिक ढवळलं तर त्या मिश्रणाचा त्रिकोण कोणत्या रंगाचा, हे कुणीच सांगू शकत नाही.

पॅराक्वाट घ्या. त्रिकोण पिवळा, म्हणजे लालपेक्षा एक पायरी खाली. पण त्यावर उतारा नाही. पोटात गेलं तर माणूस पहिले दिवस बोलतो-चालतो आणि फुप्फुसं हळूहळू निकामी होत जातात. स्वीडनने ते १९८३ मध्ये बंद केलं, युरोपीय संघाच्या न्यायालयाने २००७ मध्ये त्याची मान्यता रद्द केली. आपल्याकडे ते तणनाशकांच्या फळीवर आहे. ‘उतारा नाही’ ही गोष्ट आपल्या पद्धतीत रंगात येत नाही. ती येते घडी घातलेल्या माहितीपत्रकात, मुंगीएवढ्या अक्षरांत.

जगात आता दुसरी पद्धत रूढ होत आहे. संयुक्त राष्ट्रांनी २००३ मध्ये रासायनिक धोक्यांच्या चिन्हांची एकसारखी व्यवस्था प्रसिद्ध केली. तिच्यात नऊ चिन्हं आहेत, दीर्घकालीन आजाराचं वेगळं, पाण्यातल्या जिवांचं वेगळं. आयात मालाच्या खोक्यांवर ती दिसू लागली आहेत. तिथे एक घोटाळा संभवतो, तो आपल्या गोदामातल्या माणसांना आधीच सांगून ठेवावा: त्या व्यवस्थेत चौकोनाची किनार नेहमीच लाल असते, धोका कमी असो वा जास्त. लाल म्हणजे जहाल ही सवय झालेला डोळा तिथे फसतो. आणि दोन-चारदा फसला की खऱ्या लाल त्रिकोणाकडेही कानाडोळा करू लागतो.

आता मुद्द्यावर येतो. हे सगळं लेबल, त्याचे रंग, मराठीतलं माहितीपत्रक लिहिलेलं असतं विकत घेणाऱ्यासाठी. आपल्या जिल्ह्यात विकत घेणारा आणि फवारणारा बहुतेक वेळा एक नसतो. औषध मालक नेतो, पंप पाठीवर घेतो सालगडी किंवा पंपाप्रमाणे पैसे ठरवून आलेला मजूर. खोकं आणि माहितीपत्रक मालकाच्या घरी नाहीतर मोटारसायकलच्या डिकीत राहतं. बांधावर पोचते ती उघडी बाटली, आणि कधी कधी तीही नाही, नुसती बादलीत कालवलेली पांढरी फेस आलेली दवा. ज्याच्या अंगावर तुषार उडणार त्याने त्रिकोण पाहिलेलाच नसतो. धोक्याची सूचना योग्य कागदावर, योग्य भाषेत, योग्य रंगात छापली आणि चुकीच्या माणसाच्या हाती दिली, असा हा प्रकार आहे.

म्हणून बिल फाडण्याआधी गिऱ्हाइकाला एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी, असं आम्हाला वाटतं: फवारणार कोण? उत्तर ‘गडी’ असं आलं, तर त्याला फोनवर घ्या किंवा दुसऱ्या दिवशी दुकानात पाठवायला सांगा. तेही जमत नसेल तर मालकाला पाच वाक्यं सांगून ती पुन्हा म्हणून घ्या. गर्दीच्या दिवशी याला वेळ कुठला, असं कुणी म्हणेल. योजनेतल्या सहलीची टार्गेटं समजावून घ्यायला आपण कंपनीच्या प्रतिनिधीला अर्धा तास देतो, तेव्हा वेळेचं कारण फारसं टिकत नाही.

सांगायचं काय, तेही लेबलात सरळ सापडत नाही. लेबलावरची मात्रा हेक्टरी असते, पाणी हेक्टरी ५०० किंवा १००० लिटर असं असतं. शेतकरी विचारतो एकरी, आणि मजूर विचारतो पंपाला किती झाकणं. हेक्टरी ५०० मिली आणि ५०० लिटर पाणी, म्हणजे लिटरला १ मिली, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला १५ मिली. हा हिशोब आपण काउंटरवर रोज करतो. गोची होते पेट्रोलच्या पंपाशी. तो पाणी कमी वापरतो, म्हणून त्यासाठी पंपातली औषधाची मात्रा तिप्पट धरण्याचा सल्ला दिला जातो. एकराला जाणारं औषध तेवढंच राहतं, पिकाच्या दृष्टीने हिशोब बरोबर. पण पाठीवरच्या टाकीतलं द्रावण तिप्पट तीव्र झालं. टाकीचं झाकण झिरपलं, नोझल चोंदलं म्हणून फुंकून साफ केलं, वाऱ्याने फवारा उलटला, तर अंगावर येणारा प्रत्येक थेंब तिप्पट जहाल. हे वाक्य कोणत्याही लेबलावर नसतं. ते आपणच बोलायचं आहे.

यवतमाळचा २०१७ चा पावसाळा आठवावा. त्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली, शेकडो रुग्णालयांत दाखल झाली. कपाशी त्या वर्षी माणसाच्या डोक्यावर गेली होती. फवारा वर मारावा लागे आणि तोंडावर येई. त्यात जास्त दाबाचे पंप आणि अनेक औषधांची मिश्रणं. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक नेमलं गेलं. कीटकनाशक कायदा, १९६८ च्या कलम २७ खाली राज्याने विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत पाच औषधांची विक्री ६० दिवसांसाठी थांबवली: प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिनचं मिश्रण, फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिडचं मिश्रण, ॲसिफेट, डायफेंथ्युरॉन आणि मोनोक्रोटोफॉस. परभणी त्या यादीत नव्हती. आपली कपाशी, आपले पंप आणि आपले मजूर यवतमाळहून फार वेगळे होते म्हणून ती नव्हती, असं मात्र कुणी समजू नये.

हा कायदा मुळात जन्मला तोच अशा दुर्घटनेतून. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑनने दूषित झालेलं धान्य पोटात जाऊन शंभराहून अधिक माणसं मेली, चौकशी आयोग बसला आणि दहा वर्षांनी कायदा आला. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या मध्यान्ह भोजनाने २३ मुलं दगावली. तेलात मोनोक्रोटोफॉस होतं. डब्याचा पुन्हा वापर होऊ नये म्हणूनच रिकामा डबा फोडून, वस्तीपासून दूर पुरून टाकावा, असं कीटकनाशक नियमांतला नियम ४४ सांगतो. आपल्याकडे पाच लिटरचा कॅन धुऊन त्यात रॉकेल किंवा पाणी भरणं सर्रास चालतं. या बाबतीत गिऱ्हाइकाला थोडं रागावून सांगितलं तरी हरकत नाही.

डॉक्टरांच्या बाजूने पाहिलं तर आपल्या बिलाचं मोल वेगळंच दिसतं. सेंद्रिय फॉस्फरस गटातल्या औषधाची बाधा झाली की बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ आणि घाम सुटतो, श्वास अडतो. ॲट्रोपिन वेळेवर मिळालं तर माणूस वाचतो. पण हेच ॲट्रोपिन गट न ओळखता चढवत गेलं तर अपाय होतो. परभणीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, उपचाराला नांदेड किंवा संभाजीनगर गाठण्याची वेळ पूर्वीइतकी येत नाही. तरी रुग्णासोबत आलेला भाऊ ‘हिरव्या झाकणाचं होतं’ एवढंच सांगू शकला, तर डॉक्टर तरी काय करतील? एका घटकाची बाजारात पन्नास नावं. तेव्हा बिलावर व्यापारी नावापुढे घटकाचं नाव आणि टक्केवारी, वाचता येईल अशी लिहावी. संगणकाच्या बिलात ती सोय एकदा करून ठेवली की पुन्हा बघावं लागत नाही. आणि सोबत दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक छापून घ्यावा: १८०० ११६ ११७.

संरक्षक कपड्यांबद्दल आमचं मत थोडं कडू आहे. हातमोजे, गॉगल, मास्क, रबरी बूट हे लेबल सांगतं; ऑक्टोबरच्या उन्हात ते घालून कपाशीत दहा पंप मारून दाखवावेत, मग बोलावं. अन्न व कृषी संघटनेची आचारसंहिता तर उलट बाजूने विचार करते: ज्या औषधांना महागडी, गैरसोयीची, सहज न मिळणारी संरक्षक साधनं लागतात, ती उष्ण प्रदेशातल्या छोट्या शेतकऱ्यांसाठी टाळावीत. हा निर्णय सरकारने आणि कंपन्यांनी घ्यायचा. पण एकाच किडीवर दोन औषधं चालत असतील, तर फळीवरून कोणतं आधी काढायचं, हे आपल्या हातात आहे. मोजे खपत नाहीत म्हणून दुकानात ठेवायचेच नाहीत, हे मात्र बरोबर नव्हे. निदान औषध कालवताना नायट्राइलचे मोजे घातले तरी फरक पडतो, कारण मूळ, न पातळ केलेलं द्रावण हाताळण्याची वेळ तीच.

ज्यांनी ड्रोन घेतले आहेत किंवा गुत्त्याने फवारणी करून देतात, त्यांच्यासाठी वेगळी सूचना. १९७१ च्याच नियमांतले ३७ ते ४२ हे नियम धंदा म्हणून फवारणी करणाऱ्यांना लागू होतात. कामावर घेण्याआधी आणि नंतर वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी, सेंद्रिय फॉस्फरस किंवा कार्बामेट हाताळणाऱ्यांच्या रक्तातल्या कोलिनेस्टरेजची महिन्याला मोजणी, प्रथमोपचाराचं सामान आणि उताऱ्यांचा साठा, कामगारांचं प्रशिक्षण. पाठीवर पंप घेणाऱ्या रोजंदाराला यातलं काहीच कधी मिळालं नाही, कारण त्याचा कुणी धंदेवाईक मालक नव्हता. ड्रोनवाल्याला ती पळवाट नाही. ड्रोनच्या टाकीत पाणी अगदी कमी, द्रावण अतितीव्र, आणि ते भरणारा पोरगा बहुधा अठरा-वीस वर्षांचा.

नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यभरच्या केंद्रचालकांनी प्रस्तावित कृषी विधेयकांविरुद्ध तीन दिवस दुकानं बंद ठेवली. सीलबंद पाकिटातल्या मालाच्या दर्जासाठी विक्रेत्याला गुन्हेगार ठरवू नका, हे म्हणणं रास्त होतं आणि या मासिकाचंही तेच मत आहे. बाटलीत काय भरलं ते आपण भरलेलं नाही. पण बाटली देताना काय बोललो, ते आपलं आहे. २०१५ च्या नियमदुरुस्तीने परवान्यासाठी शैक्षणिक पात्रता घातली, हैदराबादच्या मॅनेज संस्थेचा ४८ आठवड्यांचा पदविका अभ्यासक्रम आपल्यातल्या अनेकांनी पुरा केला; ती प्रमाणपत्रं भिंतीवर लावली आहेत. लेबलाच्या पलीकडचं सांगता यावं यासाठीच तो खटाटोप होता.

आणि ज्याला लेबलच उरत नाही त्या मालाचं काय? धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या सर्वसाधारण गिऱ्हाइकाला विकायच्या नाहीत. त्या सरकारी यंत्रणा आणि कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरत्या मर्यादित आहेत. ३ ग्रॅमच्या १० आणि २० गोळ्यांच्या नळ्यांवर तर पूर्ण बंदी आहे. तरी कागदाच्या पुडीत चार गोळ्या बांधून देणारी दुकानं आठवडी बाजारांत अजून सापडतात. ज्वारीची कणगी आणि झोपायची जागा एकाच खोलीत असलेल्या घरात त्या पुडीतून फॉस्फिन वायू निघतो, आणि त्यावरही उतारा नाही. असा माल विकणाऱ्याची बाजू हे मासिक घेणार नाही, तो संघटनेचा सभासद असला तरी.

कीटकनाशक कायद्याच्या कलम २६ नुसार राज्य सरकार अधिसूचना काढून विषबाधेची घटना कळवणं एखाद्या वर्गावर बंधनकारक करू शकतं. सक्तीची वाट न बघता तालुका संघटनांनी या हंगामात एक वही सुरू करावी: आपल्या गिऱ्हाइकांपैकी कुणाला बाधा झाली, कोणता घटक, कोणता पंप, फवारणारा मालक की मजूर, कोणत्या दवाखान्यात नेलं. नावं लिहू नयेत. दिवाळीनंतर नऊही तालुक्यांच्या वह्या या मासिकाच्या कार्यालयाकडे आल्या, तर त्यांचा गोषवारा वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाला आणि जिल्हा कृषी अधीक्षकांना देऊ, आणि या पानांवरही छापू.