वैद्यकाच्या कुंपणाबाहेरचे सभासदत्व

आपल्या वैद्यकबंधूंच्या दवाखान्यात शिरले की भिंतीवर पदव्यांच्या शेजारी सभासदत्वाची प्रमाणपत्रे दिसतात. इंडियन मेडिकल असोसिएशन, आपापल्या विशेष शाखेची संघटना, शिवाय ही आपली स्थानिक मंडळी. या साऱ्यांचे मोल मी जाणतो. पण या प्रत्येक ठिकाणी डॉक्टर डॉक्टरालाच भेटतो. माझे मत प्रारंभीच सांगून टाकतो: आपल्यापैकी प्रत्येकाने निदान एका अशा विद्वत्सभेचे सभासद व्हावे, जिथे डॉक्टर अल्पसंख्य असतील आणि पर्यावरणाचा अभ्यास करणारे नाना शास्त्रांचे लोक एकत्र बसत असतील.

ही कल्पना परकी नव्हे. चरकाचार्यांनी विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाचा विचार करताना वायू, उदक, देश आणि काल या चारांच्या बिघाडाकडे बोट दाखविले. रोग्याची नाडी त्या चारांत नाही. ती पाहून झाल्यावर घराबाहेर पडून पाहण्याच्या गोष्टी आहेत त्या. आज त्यांतील प्रत्येकाचे शास्त्र वेगळे झाले, त्याचे विद्यापीठ वेगळे, भाषाही वेगळी. त्यांची पुन्हा गाठ घालून देणारे स्थान हवे, इतकेच माझे म्हणणे.

उदाहरण आपल्या अंगणातले घेतो. 1957 साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि भोवतालच्या खेड्यांत माणसे तापाने आजारी पडू लागली. माकडांच्या मृत्यूमुळे पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची, शंका आली. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने विषाणू वेगळा केला, तेव्हा त्याचे नाते रशियातील गोचिडीजन्य मेंदूज्वराच्या विषाणूशी निघाले. एवढ्या दूरचा भाऊबंद इथे आला कसा? स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडींनी तो आणला असावा, असा एक तर्क पुढे आला, आणि तो पडताळण्याच्या निमित्ताने जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीत सालिम अलींच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचा मोठा उपक्रम सुरू झाला. एका तापाच्या शोधात विषाणुतज्ज्ञ, कीटकशास्त्रज्ञ आणि पक्षिनिरीक्षक एकाच वाटेवर आले, हे मला आजही विलक्षण वाटते. पुढे 1969 मध्ये डॉ. बोशेल यांनी मांडले की जंगल तोडून शेती व चराई वाढली, गुरे जंगलात शिरली, आणि त्यांच्या रक्तावर प्रौढ गोचिडींची चंगळ झाली. हे उत्तर कोणत्याही प्रयोगशाळेच्या परीक्षानळीत सापडले नसते. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या, परिसरशास्त्र, पशुवैद्यक आणि सार्वजनिक आरोग्य यांतील अभ्यासकांनी मिळून केलेल्या शिवमोगा जिल्ह्याच्या अभ्यासातही जंगल आणि लागवड यांची सरमिसळ व गुरांची दाट संख्या जिथे, तिथे धोका अधिक, असेच आढळले.

हा माकडताप आता दूरचा राहिलेला नाही. 2015 मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, 2016 मध्ये दोडामार्गातील केर गावी तो प्रकटला. त्याच 2016 साली पालीच्या काजूबागांत कामाला गेलेले आपल्या बेळगाव जिल्ह्यातील मजूर ताप घेऊन घरी परतले. सीमाप्रश्न आपल्या पाचवीला पुजलेला, गोचिडीला मात्र तो ठाऊक नाही. तीन राज्यांची आरोग्यखाती आपापल्या नकाशावर टाचण्या टोचतात, पण काजूचा हंगाम आणि गोचिडीच्या निम्फ अवस्थेचा काळ दोन्ही कोरड्या महिन्यांत जुळून येतात, हे नकाशावर दिसत नाही. असा रुग्ण आपल्यासमोर येतो तेव्हा तीव्र डोकेदुखी, अंगदुखी, घटलेल्या पांढऱ्या पेशी व प्लेटलेट पाहून डेंग्यू किंवा विषमज्वर मनात येणे स्वाभाविक आहे. ‘मागच्या आठवड्यात कुठे कामाला होतास?’ हा एक प्रश्न निदानाची दिशा बदलू शकतो. रोगावर विशिष्ट औषध नाही. म्हणूनच लवकर ओळख, वेळेवर तपासणीस धाडलेला नमुना आणि रक्तस्रावावर नजर यांना महत्त्व.

मी इंडियन सोसायटी फॉर इकॉलॉजिकल इकॉनॉमिक्सचे सभासदत्व घेतले तेव्हा स्नेह्यांनी थट्टा केली, ‘आता अर्थशास्त्र शिकणार का?’ 1999 पासूनची ही संस्था. तिच्यात अर्थतज्ज्ञ, परिसरशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ आणि धोरणांचे अभ्यासक असतात. 2018 पासून तिचे नियतकालिकही निघते. तिथले काही निबंध मला कळत नाहीत, समीकरणे तर मी सरळ ओलांडतो. परंतु त्या मंडळींचा एक प्रश्न माझ्या मनातून जात नाही: रोगाची भीती सांगूनही मजूर त्याच बागेत का जातो? आपण म्हणतो, अज्ञान. ते विचारतात, त्या दोन महिन्यांच्या मजुरीला पर्याय काय? प्रश्न असा बदलला की ‘जंगलात जाऊ नका’ हा आपला सल्ला किती पोकळ आहे ते उमगते. अंगभर कपडे, गोचीड-प्रतिबंधक तेल, संध्याकाळी अंग तपासून गरम पाण्याने स्नान, हे मुकादमामार्फत पोहोचविणे अधिक उपयोगाचे.

आणि आपण तेथे रिकाम्या हाताने जात नाही. गावाचे नाव, तारीख, व्यवसाय लिहिलेला केसपेपर हा त्या अभ्यासकांना दुर्मीळ असतो. दुर्दैवाने आपल्या केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात बहुधा आडवी रेघ असते. उद्यमबागेतल्या फौंड्रीतील धुळीचा आणि खोकल्याचा संबंध मांडायचा तरी हाच रकाना लागणार. धूळ, उष्मा, दूषित हवा यांत रस असणाऱ्यांसाठी 1987 मध्ये स्थापन झालेली इंटरनॅशनल सोसायटी फॉर एन्व्हायर्न्मेंटल एपिडेमिऑलॉजी आहे. 2020 आणि 2021 ची तिची वार्षिक परिषद संगणकाच्या पडद्यावर भरली होती. अशा वेळी विमानाचे तिकीट न काढता बेळगावातल्या डॉक्टरालाही तिथे कान देता येतो.

वेळ कुठे आहे, हा आक्षेप मी मान्य करतो. ओपीडी आटोपेपर्यंत रात्र होते. अशा संस्थांतील बैठका वैद्यकीय परिषदेच्या श्रेयांकांत धरल्या जातीलच असेही नाही. तरीही वर्षातून दोन सायंकाळी काढणे अशक्य नाही, विशेषतः औषध कंपनीच्या भोजनास आपण त्याहून अधिक सायंकाळी देतो म्हणून.

आपल्या मंडळापुढे माझी एक सूचना आहे. येत्या डिसेंबरची मासिक सभा काजूच्या हंगामापूर्वी, खानापुरात घ्यावी. वक्ते म्हणून वनाधिकारी, पशुवैद्य आणि काजूबागेतील एक मुकादम बोलवावेत, आणि डॉक्टरांनी त्या दिवशी पहिल्या रांगेत श्रोते म्हणून बसावे.