कापसाच्या वाटेने अमेरिकन साहित्य

बडनेऱ्याच्या फलाटावर इंग्रजीच्या एम. ए.चे विद्यार्थी अमेरिकन साहित्याची ‘गाइडे’ पाठ करताना दिसतात. परीक्षेत हे पाठांतर त्यांना तारील. परंतु उद्या शिक्षक म्हणून कास्तकारांच्या मुलांसमोर उभे राहताना ते अपुरे पडेल.

वस्तुतः अमेरिका वऱ्हाडाला परकी नाही. १८६१ ते १८६५ च्या तेथील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि वऱ्हाडी कापसाचे भाव कडाडले; युद्ध संपताच ते कोसळले. तो अमेरिकन कापूस कोणाच्या हातांनी वेचला जाई, हे पळवून गुलाम केलेल्या सॉलोमन नॉर्थपने १८५३ मध्ये आत्मकथनात सांगितले. स्टाइनबेकच्या १९३९ च्या ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’मध्ये अवर्षण, बँका आणि ट्रॅक्टर ओक्लाहोमातील कुळांना जमिनीवरून हुसकावतात. कर्ज व नापिकी घरात पाहिलेल्या विद्यार्थ्याला ही व्यथा कळण्यास टिपा लागत नाहीत.

अर्थात, साम्य दाखवून थांबणे हाही आळसच. गुलामगिरी म्हणजे सावकारी नव्हे, आणि ओक्लाहोमा म्हणजे अमरावती नव्हे. हा भेद शिकविण्यासाठीच भावी शिक्षकाने मूळ ग्रंथ वाचावेत आणि शेजारी आपल्या जिल्ह्याचे गॅझेटियर उघडून ठेवावे. ज्याला आपला कापूस कळला नाही, तो परक्यांचे दुःख काय शिकविणार?