पासपोर्ट जमा, सातबाऱ्याचे काय?

दिंडोरी : परकीय नागरिकत्व स्वीकारताच १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातील कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व आपोआप संपुष्टात येते. वकिलातीत जुना पासपोर्ट जमा करणे ही त्याची अधिकृत नोंद होय. २०२२ मध्ये २ लाख २५ हजार ६२० भारतीयांनी नागरिकत्व सोडले. द्राक्षबागांच्या दिंडोरी तालुक्यात कळीचा मुद्दा आहे तो शेतजमिनीचा. ‘ओसीआय’ कार्डधारकाला वारसाहक्काने शेतजमीन मिळते. मात्र रिझर्व्ह बँकेच्या विशेष परवानगीविना ती खरेदीने वा बक्षीसपत्राने घेता येत नाही. विकायची झाल्यास भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते. साहजिकच, एकदा विकलेला मळा परत घेणे दुरापास्त ठरते. म्हणूनच परदेशस्थ मुलाने शपथ घेण्यापूर्वीच घरच्यांनी जमिनीचा निर्णय करणे श्रेयस्कर.