सेगमेंट वाढला, मग डीपी कुठाय?

दिवाळीनंतर गावी, म्हणजे मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडला गेलो होतो. हरभऱ्याला पाणी द्यायची वेळ आणि नेमकी डीपी जळालेली. मी बांधावर बसून सीजी पॉवरचे, म्हणजे जुन्या क्रॉम्प्टन ग्रीव्ह्जचे, आकडे वाचत होतो. प्लेसमेंटची तयारी, दुसरं काय! बाबांना म्हटलं, "ट्रान्सफॉर्मरच्या कंपनीची विक्री लय वाढली." ते म्हणाले, "मंग आपली डीपी कावून नाई येत?"

इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला असून उत्तर सुचेना.

या कंपनीचे मुख्य विभाग दोन. इंडस्ट्रियल सिस्टीम्समध्ये मोटारी, ड्राइव्ह, रेल्वेचं सामान. अहिल्यानगरच्या कारखान्यातल्या मोटारी यातच येतात. पॉवर सिस्टीम्समध्ये ट्रान्सफॉर्मर आणि स्विचगिअर. (घरातला क्रॉम्प्टनचा पंखा यात शोधू नका, तो धंदा 2016 मध्येच वेगळ्या कंपनीत गेला.) 2024-25 मध्ये मोठा विभाग इंडस्ट्रियलच होता, पण वेगाने वाढला पॉवर.

आपल्याकडे सेमिनारमध्ये असा वाढीचा टक्का स्लाइडवर टाकला की टाळ्या पडतात. मला वाटतं, टाळीआधी दोन प्रश्न विचारावेत. पहिला, टक्का कशावर काढला? 2019 मध्ये या कंपनीत हिशेबातले मोठे गैरव्यवहार उघड झाले, पुढच्याच वर्षी लॉकडाऊन आला. नोव्हेंबर 2020 मध्ये ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सने ताबा घेतला. विक्री शंभरावरून साठवर आली आणि नंतर नव्वद झाली, तर वाढ पन्नास टक्के दिसते, पण माणूस अजून मूळ जागी पोचलेला नसतो. दुसरा प्रश्न, नग वाढले की भाव? तांबं महागलं की तेवढ्याच मोटारी विकूनही विक्रीचा आकडा फुगतो. मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या करारात तर भावफरकाचं कलमच असतं, धातूचा भाव चढला की बिल चढतं. म्हणून विक्रीबरोबर नगांचा, नाहीतर निदान एमव्हीएचा आकडा हवा.

आता बाबांच्या प्रश्नाचं. राजस्थान-गुजरातची सौर वीज दूर न्यायला 400 आणि 765 केव्हीची उपकेंद्रं उभी राहताहेत. पॉवर विभागाला मोठं बळ तिथून आहे. आपली डीपी 63 नाहीतर 100 केव्हीएची, 11 केव्हीवरची. ती बहुधा छोट्या कारखान्यात बनते आणि जळाली की वाइंडिंगलाही तसल्याच वर्कशॉपात जाते. दोन्हींना आपण ट्रान्सफॉर्मरच म्हणतो, पण एकाच्या भरभराटीने दुसऱ्याची रांग हलत नाही. आणि कॅम्पसला बोलावतात त्या कंपन्या पहिल्या जातीच्या. दुसऱ्या जातीच्या वर्कशॉपात इंजिनिअर म्हणून जायचा विचार आपल्या वर्गात एकानेही बोलून दाखवलेला नाही. मीसुद्धा नाही.

हे सगळं फोनवर बाबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डीपी आली रे परवा. बाराव्या दिवशी." हरभऱ्याचं एक पाणी मात्र चुकलं ते चुकलंच.